निळ्या फुलांची उशी

१

रविवारी सकाळी सव्वादहाला मी उसामाच्या कपाळावरची जखम धुतली आणि तिच्याबरोबर पुरावाही धुऊन मोकळी झाले. हे मला कळायला बुधवारचं जेवण यावं लागलं. एकोणीस वर्षं रियाधच्या एका खाजगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टी सांभाळणारी, नाकानं कांदे सोलणारी ही मिरजेची अनुराधा, तिला बाई, समोरची वाळू दिसली नाही!

उसामा सव्वीस वर्षांचा, शिकारीचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात लागलेला सौदी तरुण. उजव्या भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराचा कापलेला घाव, हाडापर्यंत. खालचा डोळा सुजून बंद. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा काळा पट्टा. आणि त्याला धरून उभे होते मोहियुद्दीनभाई, श्रीवर्धनचे, माझ्या मैत्रिणीचे, आबिदाचे यजमान. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पोराचं रक्त होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"रिव्हॉल्व्हर उसळलं, सिस्टर. वरची दुर्बीण लागली," मोहियुद्दीनभाई म्हणाले.

मी जखम धुतली. तिच्यात, बाहीत, मनगटावर बारीक वाळू होती. वाळवंटात राहणारा माणूस, वाळू असायचीच. धुतली, सलाईननं स्वच्छ केली, डॉक्टरांनी टाके घातले. डोळ्यातलं रक्त उतरल्याशिवाय नजर राहील की जाईल ते सांगता येणार नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. पट्टी गुरुवारी उघडायची.

अकरा वाजता अरवा आली. दुकानाच्या मालकाची मुलगी, कचेरी तीच बघते. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईची बांगडी आमच्या वॉर्डात गेली होती. ती मी दोन तासांत कुणाच्या मोज्यातून काढून दिली होती, तेव्हापासून हॉस्पिटलात माझं नाव जासूस सिस्टर पडलेलं. मला ते आवडायचं, खोटं का बोला.

"सिस्टर, हा अपघात नाही," अरवा इंग्रजीत म्हणाली. "उसामानं महिनाभर तेच रिव्हॉल्व्हर चालवलंय. कधी खरचटलं नाही. आज गिऱ्हाईक समोर बसलं होतं, बाबा बसले होते, आज तो पास झाला असता तर उद्यापासून चाचणीच्या कागदावर त्याची सही चालली असती. कुणाला तरी ते नको होतं."

"कुणाला?"

"तिघांपैकी एकाला." तिनं बोटांवर मोजून सांगितलं. साल दोन हजार अठरा, दुकान सरकारी यादीत लाल रंगात गेलेलं, सौदी माणसं पुरेशी नाहीत म्हणून. उसामा पास झाला की तीन परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे इथं राहायचे परवाने, पुढे वाढणार नव्हते. वीस वर्षं शस्त्रांची चाचणी घेणारे मोहियुद्दीनभाई, कोठार सांभाळणारा दापोलीचा नौशाद आणि निशाण्याचे कागद लावणारा हैदराबादचा इसहाक.

"पोलीस आले तर तिघांनाही आत टाकतील, मग खरंखोटं व्हायला वर्ष जाईल," अरवा म्हणाली. "मला गुरुवारी दुपारपर्यंत एक नाव हवंय. त्याला खुरूज लावीन, कायमचं परत जायचा शिक्का मारून घरी पाठवीन. बाकीचे दोघे वाचतील. तुमच्याशी ही माणसं आपल्या भाषेत बोलतील, सिस्टर. माझ्याशी नाही बोलणार."

मी पदर नव्हता तरी खोचला. मोहियुद्दीनभाईंना तर मी मनातल्या मनात तिथल्या तिथे वगळलं. ज्या घरात अकरा वर्षं जेवले त्या घरावर कसला संशय घ्यायचा!

२

सोमवारी माझी सुट्टी होती. अरवानं मला शहराबाहेर मालकाच्या शेतावर नेलं. खजुरांच्या रांगांमागे मातीचा उंच बांध, त्याच्यासमोर लाकडी टेबल, टेबलाला खुर्ची. इथेच दुकानातलं प्रत्येक हत्यार विकण्याआधी तपासलं जाई.

ते रिव्हॉल्व्हर मी पहिल्यांदाच पाहिलं. हातभर लांब, वर दुर्बीण. आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकानं मागवलेलं. हातात घेतलं तर मनगट खाली गेलं.

"ह्याची चाचणी म्हणजे दोनच गोष्टी," मोहियुद्दीनभाई म्हणाले. शिकवायची सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी नजर टेबलावरच. "सहा गोळ्या टाकायच्या. सहाची सहा भोकं चार बोटांच्या आत आली तर नेम खरा. दुसरं, धक्का किती. तो हातानंच कळतो." त्यांची वही उघडी होती. पानापानावर मराठीत शेरे: 'धक्का सौम्य', 'धक्का खांद्यापर्यंत', आणि ह्या रिव्हॉल्व्हरपुढे, 'धक्का: घोड्याची लाथ. सांभाळून.'

"आणि अंगठा का भाजला त्याचा?"

"चक्री आणि नळी ह्यांच्यामध्ये फट असते. तिच्यातून जाळ बाहेर येतो. तिथे बोट न्यायचंच नाही, पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी त्याला." त्यांचा आवाज बसला. "न्यायचंच नाही."

टेबलावर काहीतरी कमी वाटत होतं. मग आठवलं. "तुमची उशी कुठाय, भाई?"

ह्या उशीची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. अफशाँ जन्मली तेव्हा आबिदानं कोकणातल्या रीतीनं राई भरून तिला उशी शिवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. निळ्या फुलांचं कापड. पोर मोठी झाली, उशी नवऱ्यानं उचलली. इतर लोक हत्यार टेकवायला वाळूच्या पिशव्या घेतात. मोहियुद्दीनभाई म्हणायचे, राई बाजूला सरते, हत्याराला कुशीत घेते. टणक जागी टेकवलेलं रिव्हॉल्व्हर गोळी सुटायच्या आत उडी मारतं आणि गोळी वर जाते. हे मी त्यांच्याच घरी, पापलेट खाता खाता, निदान दहा वेळा ऐकलं असेल. महिन्यापूर्वी उसामा नोकरीची नजर तपासणी करायला आला तेव्हा त्याच्या बाहीतून टपटप राई पडली होती आणि आम्ही नर्सा पोट धरून हसलो होतो.

"रक्तानं भिजली ती," मोहियुद्दीनभाई म्हणाले. "राईसकट फेकून दिली. रक्ताचं काय ठेवायचं?"

मी मान हलवली. खरंच, रक्ताचं काय ठेवायचं!

इसहाक हिंदीत बोलला. बडबड्या माणूस, पण कामाचं बोलला. "पहिली गोली हाथभर ऊपर गयी, सिस्टर. सीधा कागज़ के ऊपर मिट्टी में. साहब लोग हँसे. लडके का मुँह उतर गया. दूसरी बार उसने मुँह नज़दीक लिया, ज़ोर से पकडा, और ढन्!"

"त्याआधी रिव्हॉल्व्हर कुठं होतं?"

"तिजोरी में. शनिवार शाम को नौशादभाई ने रखा, चाबी मालिक के पास. इतवार को मालिक ने ख़ुद निकाला, गाहक के सामने."

मग मी गोळ्यांचं खोकं मागवलं. चाचणीसाठी ठेवलेलं नवं, वीसचं खोकं. उसामानं दोन टाकलेल्या. अठरा राहायला हव्या होत्या. सतरा होत्या.

३

सांगायला लाज वाटते, पण त्या सतरा गोळ्या पाहून मला आनंद झाला. कारण ती कमी पडलेली गोळी कुणी उडवली ते मला माहीत होतं.

रविवारी उसामाला आणलं त्याच गाडीतून नौशादही आला होता. सगळी गडबड निवळल्यावर हळूच माझ्याकडे येऊन त्यानं उजवा हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामधली कातडी फाटलेली, भोवती काळंनिळं. "शटरमध्ये सापडला, सिस्टर," म्हणाला. मी पट्टी बांधून दिली. जखम कालची होती, कडा सुकलेल्या. शटरची जखम बोटांच्या पेरांवर होते. बेचक्यात नाही होत. बेचक्यात मारते ती घोड्याची लाथ!

मी अरवाला सगळं मुद्देसूद मांडलं. नौशादनं शनिवारी चोरून रिव्हॉल्व्हर चालवलं. हाताची जखम लपवली, खोटं बोलला. कोठार त्याच्या ताब्यात. दुर्बिणीचे स्क्रू फिरवायला एक मिनिट लागतं. स्क्रू फिरवले, म्हणून उसामाची पहिली गोळी हातभर वर गेली.

"तुम्ही हे लिहून द्याल?" अरवानं विचारलं.

दिलं. जखमेचं वर्णन, केव्हाची, कशानं झाली असणार. खाली सही, नाव, हुद्दा. माझ्याकडे विश्वासानं पुढे केलेला हात मी कागदावर उतरवून दिला आणि घरी जाऊन मस्तपैकी झोपले.

४

बुधवारी सकाळी नौशाद पट्टी बदलायला आला. मला वाटलं येणार नाही. त्याचा पासपोर्ट अरवानं काढून ठेवला होता, गुरुवारी दुपारी खुरूजचा शिक्का. आला, खुर्चीवर बसला, हात पुढे केला. चाळिशीतला माणूस, पण त्या दोन दिवसांत पार उतरला होता.

"मी खोटं बोललो तुमच्याशी," तो म्हणाला. "शटर बिटर काही नव्हतं."

"मला ठाऊक आहे."

"एक गोळी टाकली मी. शनिवारी, असरच्या नमाजानंतर, सगळे गेल्यावर. माझी हफीजा सगळ्या शाळेला सांगते, माझे अब्बा वाघाची बंदूक राखतात. अब्बांनी सोळा वर्षांत एकदा पण बार केला नाही गो सिस्टर, नुसती पुसत बसलो. म्हटलं एक व्हिडिओ पाठवू पोरीला." त्यानं मोबाइल काढला. "अरवाबाईंना नाही दाखवला. हत्याराचा व्हिडिओ सापडला तर तुरुंगच आहे. तुम्ही बघा."

मी बघितला, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. उन्हं कललेली. नौशाद खुर्चीत बसतो, बिस्मिल्ला म्हणतो, रिव्हॉल्व्हर निळ्या फुलांच्या उशीवर ठेवतो. ते दोन बोटं खाली रुततं, तान्ह्या बाळाचं डोकं बसतं तसं. मग ढन्! हत्यार उसळतं, नौशाद "आय गं" करून हात झटकतो आणि हसतो. मग मोबाइल हातात घेऊन कागदापाशी जातो. काळ्या गोलाच्या अगदी मधोमध एक भोक.

"मग?" मी विचारलं.

"मग पुसलं, तिजोरीत ठेवलं, चावी मालकांना नेऊन दिली. इसहाक तोवर परत आलेला, त्याच्यासमोरच सगळं. अल्लाची शपथ, स्क्रूला हात नाही लावला."

मी पट्टी बांधत होते आणि मनात एकेक गोष्ट जुळवत होते. शनिवारी संध्याकाळी नेम खरा. मग तिजोरी. मग मालकांच्या हातून थेट टेबलावर. म्हणजे रिव्हॉल्व्हरला कुणी हात लावलेलाच नव्हता! ज्या चोरून टाकलेल्या गोळीवर मी ह्या माणसाला दोषी ठरवलं, तीच गोळी ओरडून सांगत होती की हत्यार निर्दोष आहे, आणि हासुद्धा.

हत्यार तेच, गोळ्या त्याच. मग शनिवार आणि रविवार ह्यांच्यात बदललं काय?

"उद्या दुपारी नेणार का हो मला?" नौशादनं विचारलं. "हफीजाला सांगितलं नाही अजून."

"बघते मी," एवढंच मी म्हणाले. माझ्या सहीचं बोलले नाही. धीर झाला नाही.

५

त्या दिवशी आबिदाकडे जेवायचं आधीच ठरलेलं. न जाण्याचा विचार केला, पण ती रागावली असती. बत्हा बाजाराच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार उघडताच तळलेल्या सुरमईचा वास. मोहियुद्दीनभाई दस्तरखानाशी बसलेले, दाढी वाढलेली. अफशाँ पुस्तकं घेऊन कोपऱ्यात. नुकतीच बारावीत गेलेली, डॉक्टर व्हायचं वेड. पुढच्या मार्चात बोर्ड.

"खा गो ताई," आबिदा म्हणाली. "कैरीचं ताजं लोणचं केलंय, रविवारी घातलेलं. कैऱ्या बाजारात आल्या आणि राई पण घरात आयतीच मिळाली."

मी फोड तोंडात घातली आणि तशीच थांबले. आंबट, तिखट, आणि मागून एक चव, शिवणाच्या मशीनच्या तेलासारखी.

"आंटी, डोन्ट ईट दॅट," अफशाँ वर न बघता म्हणाली. "अब्बाच्या शर्टसारखा स्मेल येतो. मम्मी ऐकतच नहीं."

"गप गो. दोन पाण्यात धुतली मी राई," आबिदा म्हणाली. "फ्रिजच्या वर दुधाच्या डब्यात ठेवलेली ह्यांनी. चांगली दोन किलो. अन्न काय टाकून द्यायचं?"

मोहियुद्दीनभाईंचा घास हातात राहिला. डब्यातली राई लोणच्यात गेल्याचं त्यांना आत्ताच कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"आबिदा," मी म्हणाले, "त्या राईला रक्त होतं का गं?"

"रक्त? या अल्ला, रक्त कशाला असेल? काळीभोर, कोरडी."

ती भात आणायला आत गेली. अफशाँला त्यांनी पाण्याची बाटली आणायला खाली दुकानात पिटाळलं. आम्ही दोघंच राहिलो.

"रक्तानं भिजली म्हणून राईसकट फेकली, असं तुम्ही म्हणालात, भाई," मी हळू आवाजात बोलले. "मग ही कोरडी राई घरी आली कशी? रक्त सांडायच्या आधी काढलेली असणार. उशीत राई नव्हतीच रविवारी. उसामाच्या जखमेत वाळू होती. मीच धुतली. एरवी त्याच्या बाहीतून राई पडायची."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"उशी टणक होती, म्हणून पहिली गोळी वर गेली. हत्यार बसेना, सरकायला लागलं, म्हणून त्यानं डाव्या हातानं पुढून दाबलं, अंगठा भाजला. तोंड जवळ नेलं."

"सकाळी सहाला गेलो मी," मोहियुद्दीनभाई म्हणाले. भाताच्या शितांकडे बघत. "राई काढली, वाळू ठासून भरली. मोगरीनं ठोकून ठोकून. विटेसारखी झाली. मला वाटलं, गोळ्या वर जातील, मालक म्हणतील, पोरगा कच्चा आहे, अजून एक वर्ष उस्तादच्या हाताखाली राहू दे. एकच वर्ष हवं होतं, सिस्टर. अफशाँची बारावी इथं व्हायला. तिकडं नेली तर मधल्यामध्ये कुठली शाळा घेणार? धक्का एवढा बसेल... मला कळायला हवं होतं. मीच तर वहीत लिहिलंय." त्यांनी डोळे पुसले. "राई वाळवंटात ओतायला गेलो होतो. ओतवली नाही. पोरीची उशी ती, आणि अन्न. अन्न मातीत कसं टाकायचं?"

मला त्यांचा राग आला आणि तो राग मोठ्यानं काढला. "अन्न टाकवलं नाही तुम्हाला! आणि नौशाद? उद्या त्याला खुरूज लागतंय. तुम्ही बघत बसलात?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मी बघत बसलो, सिस्टर. लाज वाटते मला. पण नाव मी नाही सांगितलं. नाव तुम्ही दिलंत."

आबिदा भात घेऊन बाहेर आली. आम्ही दोघंही लोणच्याच्या बरणीकडे बघत बसलो होतो.

६

गुरुवारी सकाळी नऊला उसामाची पट्टी उघडायची होती. मोहियुद्दीनभाई साडेआठपासून बाकावर. मी त्यांना बोलावलं नव्हतं, तेच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. अरवाही आली, हातात नौशादचा पासपोर्ट.

डॉक्टरांनी पट्टी काढली. उसामानं डोळा किलकिला केला, भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "दिसतंय," तो म्हणाला. "थोडं धुरकट. पण दिसतंय." भुवईवर चंद्रकोर कायमची राहणार होती.

मोहियुद्दीनभाई पलंगाशी उभे राहिले आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या अरबीत सगळं बोलले. राई, वाळू, मोगरी, एक वर्ष. कुठं आडोसा घेतला नाही. अरवाच्या हातातला पासपोर्ट खाली गेला.

मला वाटलं पोरगा ओरडेल. तो पलंगावर सरळ बसला.

"मला कळलं होतं," तो इंग्रजीत म्हणाला, माझ्याकडे बघून, मला समजावं म्हणून. "हात टेकवला तेव्हाच कळलं. दगडासारखी होती उशी."

"अरे, मग गोळी का टाकलीस?" मी जवळजवळ किंचाळलेच. "पहिली वर गेल्यावर तरी थांबायचंस!"

"उशी उस्तादनं ठेवली होती," उसामा म्हणाला. "मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

मोहियुद्दीनभाई जमिनीवर बसले. बाकावर नाही, जमिनीवर. वीस वर्षं शंभर माणसांना शिकवलेला तो उस्ताद दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडला, आणि पलंगावरचा पोरगा "खलास, उस्ताद, खलास," झालं, आता पुरे, म्हणत राहिला.

उसामानं तक्रार करायची नाही म्हणून सांगितलं. अरवानं पोलिसांना बोलावलं नाही, पण नौशादच्या जागी मोहियुद्दीनभाईंना खुरूज लावलं. तीन आठवड्यांत घर आवरलं गेलं. निरोप द्यायला गेले तेव्हा आबिदा माझ्याशी बोलली, मिठी मारली, बरणीतलं उरलेलं लोणचं मात्र तिनं कचऱ्यात टाकलेलं होतं. अफशाँ जिन्यापर्यंत आली.

"आंटी," ती म्हणाली, "आप उस दिन खाने पे ना आतीं तो?"

तिच्या आवाजात राग नव्हता.  

७

नौशाद त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी आला. शेवटची पट्टी. एका हातात खजुरांचं खोकं, सगळ्या स्टाफला वाटायला आणलेलं.

"सिस्टर, तुमच्यामुळे वाचलो," तो खुर्चीत बसत म्हणाला. "बाई सांगत होत्या, सिस्टरनी खरं शोधून काढलं."

मी कात्री घेतली, जुनी पट्टी कापली. जखम भरत आली होती. गप्प राहिले असते तर चाललं असतं. खजूर खाल्ले असते, जासूस सिस्टर म्हणून मिरवलंही असतं. पण तो हात पुन्हा माझ्या हातात होता, तसाच पुढे केलेला.

"नौशादभाई, थांबा. मला एक सांगायचंय. तुमचं नाव अरवाला मीच दिलं होतं. ही जखम बघून. मीच लिहून दिलं."

"माहीत आहे ना," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवारीच बाईंनी कागद दाखवला. खाली तुमची सही होती."

"आणि बुधवारी तरी माझ्याकडेच आलात?"

"मग कुठं जाणार?" नौशाद साधेपणानं म्हणाला. "सही तुमची होती. म्हटलं, सिस्टर उगाच लिहायच्या नाहीत. माझ्याच हातून नकळत काही झालं असेल स्क्रूला. म्हणून तो व्हिडिओ तुम्हाला दाखवला, तुम्ही बघून सांगाल म्हणून."

मी खाली मान घालून पट्टी बांधायला घेतली. एकोणीस वर्षांत हजारो बांधल्या असतील. ती मी तीनदा बांधली आणि तीनदा सोडली, नीट बसेना.

"घट्ट होतेय का हो?" मी विचारलं.

"नाही सिस्टर," तो म्हणाला. "तुम्ही बांधाल तशी."